लिहून घेणार विहीर, लिहून देणार टाकी

“आता ह्ये जे मी सांगणार हाय, त्यावर तुमच्यातल्या एकाचाबी इश्वास बसायचा न्हाई,” चिमाजी तात्यांनी उठल्याउठल्या बजावलं, आणि सभेनं तेवढी एक गोष्ट ताबडतोब मान्य केली. मोरखिंडवाडीच्या ग्रामसभेत एकमत झाल्याचा अलीकडच्या काळातला हा एवढाच दाखला.

एक मेची सकाळ होती. झेंडा वर गेला होता, पोरांचा खाऊ वाटून संपला होता, आणि एरवी गणसंख्येअभावी तहकूब होणारी सभा आज समाजमंदिरात मावत नव्हती. बाया झाडून आल्या होत्या. येताना रिकामे हंडे घेऊन आल्या होत्या, आणि ते सरपंचांच्या टेबलासमोर ओळीनं मांडून ठेवले होते. कारण गेल्या रविवारी, ऐन जत्रेत, घरोघर पावणे पानावर बसलेले असताना नळाला टिपूस आला नव्हता. जावईमंडळी खरकटे हात हवेत धरून बसली. बायकांना नव्या साड्या खोचून खालच्या विहिरीवर उतरावं लागलं आणि भरला हंडा डोक्यावर घेऊन तो छातीवरचा चढ चढावा लागला. मटण शिजलं, पण रश्श्याला पाणी नाही. म्हणजे जत्रा झाली आणि न झाल्यासारखीच झाली.

विषय क्रमांक एक असा होता: पंपघराची किल्ली श्री. चिमाजी शिळीमकर यांच्याकडून काढून महिला बचत गटाकडे सोपवणे.

आता किल्ली म्हणजे काही तिजोरीची नव्हे. साधी पितळी किल्ली, काळ्या दोऱ्यात ओवलेली, तात्यांच्या गळ्यात ताईतासारखी. पण नसरापूरजवळच्या एका कंपनीत उभी हयात घालवून, रिटायर होऊन माणूस वाडीत परत येतो तेव्हा त्याला कोण विचारतं? तात्यांना किल्ली विचारायला लावत होती. रस्त्यानं निघाले की दहा दारांतून हाक यायची, “तात्या, पानी कवा?” आणि तात्या आभाळाकडं बघून, जसं काही पाऊसही आपणच सोडतो, अशा आवाजात “बघू” म्हणायचे. हे “बघू” गेलं तर मागं उरतं काय? बनाबाईचा नवरा. आणि यातली खरी मेख अशी, की बचत गटाच्या अध्यक्षा म्हणजेच बनाबाई. म्हणजे किल्ली गावातून कुठंही जाणार नव्हती. ती घरातल्या घरात, या गळ्यातून त्या कमरेला जाणार होती. पुरुषाला यापेक्षा ती आडात पडलेली बरी वाटते.

बनाबाई बायकांच्या मध्ये पदर सावरून गप्प बसल्या होत्या. नवऱ्याविरुद्ध भर सभेत बोलायचं नाही, एवढं त्या ठरवूनच आल्या होत्या.

“बोला तात्या,” सरपंच राजनंदिनीताई म्हणाल्या. वयानं तात्यांच्या सुनेएवढ्या, पण आवाज ठाम. “टाकी का रिकामी होती?”

“टाकी रिकामी न्हवती,” तात्या म्हणाले. “रिकामी केली गेली.”

सभा पुढं सरकून बसली.

त्याचं असं झालं. वाडीचं पाणी आपोआप चढावं म्हणून तात्यांनीच पूर्वी पंपघरात एक कॉम्प्युटर बसवला होता. त्यांच्या कंपनीनं तो भंगारात काढला आणि निरोपाच्या दिवशी नारळाबरोबर त्यांच्या हातात दिला. टाकीत पाणी कमी झालं की तो मोटर चालू करी, भरली की बंद करी. त्याच्या पोटातला प्रोग्राम खुद्द तात्यांनी लिहिलेला. “सी” नावाच्या भाषेत. आणि त्या भाषेच्या अधूनमधून, जिथं मशीनला तातडीनं हुकूम द्यायचा तिथं, मशीनच्या स्वतःच्या बोलीतल्या ओळी. तिला असेंब्ली म्हणतात. मुंबईलाही असेंब्ली भरते, पण तिच्यात आणि हिच्यात फरक एवढाच, की हिच्यात सांगितलेलं काम होतं. भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मशीनच्या कानात असं थेट बोलणारा दुसरा माणूस नाही, हे तात्या स्वतःच सांगत. आणि दुसरा माणूस नसल्यामुळं ते खोडून काढायलाही कुणी नव्हतं.

तर यंदा संक्रांतीनंतर त्या कॉम्प्युटरमध्ये पाल शिरली. पाल गेली आणि जाताना कॉम्प्युटरला घेऊन गेली. तेव्हापासून मोटरचं बटण तात्याच हातानं दाबत. तात्यांनी पुण्याहून जुनाच पण जरा ताजा असा दुसरा आणला आणि प्रोग्राम त्यात घातला, तर नवा कॉम्प्युटर म्हणे, मला यातलं काही कळत नाही.

“असं कसं?” ग्रामसेवक सोमनाथ भाऊसाहेब मध्येच म्हणाले. “कॉम्प्युटर म्हणल्यावर कॉम्प्युटर.”

“भाऊसाहेब, मधी दुभाष्या असतुय,” तात्यांनी समजावलं. “त्याला कंपायलर म्हणत्यात. आपुन लिहिल्यालं त्यो मशीनला सांगतो. पहिला दुभाष्या येगळा हुता, ह्यो येगळा. बाकी भाषा दोगांची येकच, पर ह्या कानातल्या ओळी हायत न्हवं, त्या ज्येनं त्येनं आपल्या पद्धतीनं मांडायच्या. आता तुमचंच बगा. काल ग्रामसेवक हुता, आज ग्रामपंचायत अधिकारी झाला. खुर्ची तीच, पंखा त्योच. पर पाटी बदलली. वेल्ह्याचं राजगड झालं. कंडक्टर आजून वेल्हंच म्हणतुय आन् आपुनबी वेल्ह्यालाच उतरतोय. माणसाला चालतं. मशीनला चालत न्हाई. त्याला पाटीवर हाय तेच म्हणावं लागतं.”

हे सभेला पटलं. भाऊसाहेबांना पटलं नाही, पण पाटीचा विषय निघाल्यावर ते गप्प राहणंच पसंत करतात.

नव्या दुभाष्याच्या तऱ्हा अशा, की नवी सून परवडली. प्रत्येक ओळ अवतरणचिन्हात हवी, जणू ती दुसऱ्या कुणी म्हटलेली आहे आणि जबाबदारी आपल्यावर नाही. मशीनच्या पोटात आकडे ठेवायला जे कप्पे असतात, त्यांच्या नावाआधी टक्क्याचं चिन्ह हवं. नुसत्या आकड्याआधी डॉलर हवा. आणि शेवटी वेगळं लिहून द्यायचं, की या कामात मी कुणाकुणाचे कप्पे वापरून खराब केले. या शेवटच्या अटीनं तात्या दुखावले. “मी म्हणलं, शिळीमकरांच्या घरानं आजवर कुणाचं भांडं नेलं आन् परत दिलं न्हाई, असं झालंय का? लिहून काय द्यायचं?”

“आमची परात,” शेजारची माया म्हणाली. “नागपंचमीला नेल्याली.”

तात्यांनी हे ऐकलं नाही. मोठी माणसं काही गोष्टी ऐकत नाहीत.

पहिल्या दिवशी तात्यांनी जुन्या ओळी जशाच्या तशा दिल्या. दुभाष्यानं इंग्रजीत उत्तर पाठवलं. तात्यांनी शब्द शोधून अर्थ लावला, तर तात्यांच्या लिखाणाला तो चक्क कचरा म्हणाला होता. “ओळीच्या शेवटी कचरा.” ज्या माणसाच्या हातचं विजेचं पॅनेल कंपनीत कधी परत आलं नाही, त्याला एका फुकट मिळालेल्या दुभाष्यानं कचरा म्हणावं! तात्या दोन दिवस जेवले नाहीत, असं ते म्हणाले. बनाबाईंच्या चेहऱ्यावरून मात्र तसं काही दिसलं नाही.

मग वाडीला कळलं की तात्या अडले आहेत, आणि मदतीचा पूर लोटला. वाडीत पाण्याची टंचाई असेल, सल्ल्याची कधी पडलेली नाही. कुणी म्हणालं, कॉम्प्युटरवरून लिंबू उतरून टाका. कुणी म्हणालं, आधी बंद करा आणि मग चालू करा. हे तर शास्त्रशुद्धच आहे. शाळेच्या संजीवनीबाई टाकीजवळच्या पंपघरापर्यंत चढून आल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, “अडचण काय आहे ती सोप्या भाषेत सांगा.”

अडचण अशी होती, की “विहिरीतलं टाकीत घाल” असं सांगताना विहीर आधी लिहायची की टाकी आधी, याची तात्यांना शंका आली होती. जुन्या दुभाष्याकडं टाकी आधी येत असे. नव्याचं काय, ते धड कळेना.

बाई हसल्या. “तात्या, विहिरीतून टाकीत घाल म्हणा, नाहीतर टाकीत विहिरीतून घाल म्हणा. अर्थ बदलतो का? विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो. शब्द कुठंही बसवा, प्रत्यय सोडायचा नाही. मराठीचं हेच तर वैभव आहे!”

मराठीचं वैभव ऐकून तात्यांची छाती भरून आली. त्यांनी सगळ्या ओळी पुन्हा बघितल्या. एकाही शब्दाला प्रत्यय नव्हता. पण आता बाईंना परत चढ चढायला लावणार कोण?

तेवढ्यात गेनबा आले. गेनबा म्हणजे तात्यांचे भिंतीला भिंत लागून शेजारी आणि तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून खरेदीखतं लिहिणारे. जमिनीच्या व्यवहारात त्यांचा शब्द शेवटचा असतो, कारण त्यानंतर पक्षकार कोर्टात जातात.

आता भर सभेत तात्यांनी त्यांच्याकडं बोट केलं. “ह्येनी मला काय सांगितलं, ईचारा!”

“मी बरूबरच सांगितलं,” गेनबा सतरंजीवरून म्हणाले. “कुठलंबी खरेदीखत काढा. आदी कोण? लिहून घेणार. मंग कोण? लिहून देणार. टाकी पानी घेती, इहीर पानी देती. तवा आदी टाकी, मंग इहीर. पणजोबापासनं ह्येच चालत आलंय.”

“आन् नवा दुभाष्या?”

“त्येनं कायदा शिकला न्हाई, त्याला मी काय करू?”

तर गेनबांच्या कायद्यानं तात्यांनी क्रम तसाच ठेवला. टक्के घातले, डॉलर घातले, अवतरणचिन्हं घातली. पहिल्यांदा टक्का एकेकच होता. दुभाष्यानं परत पाठवलं. त्याला अशा ठिकाणी दोन-दोन लागतात. तात्यांनी दोन-दोन घातले, आणि काय आश्चर्य, त्यानं हूं की चूं न करता सगळं गिळलं.

“दोन टक्के दिल्यावं गिळलं व्हय?” मागनं एक पुरुषी आवाज आला. सभेला हसू फुटलं. भाऊसाहेब खाली बघून कागद लावू लागले.

इथं खरं तर गोष्ट संपायची. पण पंपघर सरकारी आणि त्यात नवं काही बसवायचं तर मंजुरी लागते. मोरखिंडवाडीची गंमत म्हणजे टाकी भोर तालुक्यात आणि विहीर वेल्हे तालुक्यात. ओढा ही हद्द. म्हणजे आमचं पाणी रोज सकाळी तालुका ओलांडतं, तेही पासाशिवाय. अलीकडच्या तालुक्यातले साहेब म्हणाले, पाणी निघतं तिकडून, तिकडची मंजुरी आणा. पलीकडचे म्हणाले, पाणी पोचतं तिकडं, तिकडचीच लागेल. तात्या सोमवारी इकडं आणि मंगळवारी तिकडं असे चढउतार करत राहिले. बुधवारी साहेब दौऱ्यावर. गुरुवारी जाऊन उपयोग नव्हता, कारण गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद, आणि पंखा फिरल्याशिवाय साहेबांचा पेन फिरत नाही. शुक्रवारी शनिवार-रविवारची तयारी.

अखेर एका साहेबांनी विचारलं, “प्रोग्राम म्हणजे काय, ते कागदावर दाखवा.” तात्यांनी नसरापूरला जाऊन छापून आणला. साहेबांनी चष्मा लावला, पान उलटलं, चष्मा काढला आणि शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.

“ही टक्केवारी कुणाची?”

“सायेब, ती मशीनच्या कप्प्यांची हाय.”

“प्रत्येक ओळीत टक्केवारी? आणि दोन-दोन?” साहेबांचा आवाज खाली आला. “अहो, हे असं लिहितात का कुणी? तोंडी असतं हे! आणि हे डॉलर कसले? परदेशातनं निधी आणताय वाडीला?”

तात्यांनी पुष्कळ सांगितलं, की डॉलर म्हणजे डॉलर नव्हे आणि टक्के म्हणजे टक्के नव्हेत. पण नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसाला टक्के म्हणजे टक्के नव्हेत हे पटवणं कुणाला जमलंय? साहेबांनी कागद जळता निखारा सरकवावा तसा परत सरकवला आणि म्हणाले, “मी हा कागद बघितलेला नाही. तुम्ही आलेलाच नाहीत. काय बसवायचं ते बसवा.”

त्या नोकरीत याला मंजुरी म्हणतात. तात्या परत आले तर बातमी त्यांच्याआधी एसटीनं पोचली होती. ओट्यावर एक माजी सदस्य वाटच बघत बसलेला. त्यानं तात्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि हळूच विचारलं, “तात्या, आमच्या येळेला येकच टक्का हुता. ह्यो दुसरा कुणाचा?”

“नाव सांगा त्याचं!” बायकांतून मागणी झाली.

“नाव कशाला? त्यो हितंच बसलाय,” तात्या म्हणाले, आणि चार पुरुष एकदम अंग चोरून बसले.

सभा आता तात्यांच्या मुठीत आली होती. हंड्यांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. राजनंदिनीताईंनीसुद्धा हनुवटी हातावर टेकवली होती. तात्यांनी गळ्यातल्या किल्लीवर हात ठेवला, घसा साफ केला आणि आवाज खाली घेतला.

“आन् मंग, जत्रेच्या आदल्या हप्त्यात येक दिस, भर दुपारी, मी म्हणलं आता मशीन चालू करायचं. नारळ फोडला. बटाण दाबलं. मोटर फिराय लागली. झ्याक आवाज. मी पायपाला कान लावला, तर पानी चाललंय. पर आवाज वरनं खाली चाललाय!”

“म्हंजे?”

“म्हंजे काय! नव्या दुभाष्याकडं आदी लिवायचा देणारा आन् मंग घेणारा! मी लिवलं आदी टाकी, मंग इहीर. त्येनं वाचलं, लिहून देणार टाकी, लिहून घेणार इहीर! गेनबाच्या कायद्यानं आख्ख्या वाडीचं पानी त्या मशीननं इहिरीला लिहून दिलं की वो!”

गेनबा उठू लागले. दोघांनी त्यांना धरून बसवलं. हे मात्र खरं, की नव्या दुभाष्याकडं क्रम उलटा असतो. एवढ्या पायावर तात्यांनी पुढचे मजले चढवले.

टाकी घटाघटा रिकामी झाली, तात्या सांगत होते, पण मोटरचं समाधान होईना. दोन दोन टक्के खाल्लेलं मशीन ते! टाकी संपल्यावर त्यानं नळाच्या पायपातनं ओढायला सुरुवात केली. माया नळाखाली हंडा लावून उभी होती. भरलेला हंडा, बघता बघता पाणी सापासारखं उभं राहिलं आणि नळात शिरलं. माया म्हणाली, “माझा न्हाई बाई.” तात्या म्हणाले, “तू पाठमोरी हुतीस.” भाऊसाहेब पंचायतीच्या मोरीत तोंडाला साबण लावून बसलेले. त्यांनी नळ सोडला, तर नळानं साबण ओढला, फेस ओढला, आणि मिशीचं टोक धरलं. म्हणून भाऊसाहेबांची डावी मिशी आजही जरा लांब आहे.

सगळ्यांनी भाऊसाहेबांकडं बघितलं. लांब होती. निदान आता तशी वाटायला लागली. भाऊसाहेबांनी नकळत मिशीवर हात ठेवला, आणि पुराव्याची बाजू भक्कम झाली.

मग तात्या सुटलेच. वाळत घातलेली ओली धोतरं दांडीवर कडक झाली. देवळातल्या घंगाळातलं तीर्थ गेलं. कुणाच्या तरी म्हशीची धार काढता काढता दूध दाट होत गेलं आणि शेवटी चरवीत नुसता खवा पडला. डेअरीवाल्यानं वाडीचं दूध तपासलं तर त्यात पाण्याचा अंशही सापडेना. असा प्रकार त्याच्या आयुष्यात कधी झाला नव्हता, तो घाबरून टेम्पो घेऊन पळाला. आणि खाली विहीर फुगली, ओढ्याला गेली, ओढा धरणाला गेला, आणि भर उन्हाळ्यात नदीकाठच्या लोकांना सावध राहा म्हणून निरोप आले.

“खवा मिळाला असता तर जत्रेला पेढं झालं असतं,” एक म्हातारी हळहळली. म्हणजे तिला पटलं होतं.

“पण तात्या,” राजनंदिनीताई म्हणाल्या, “हे आदल्या आठवड्यात झालं. जत्रा रविवारी. मधल्या दिवसांत टाकी परत भरता आली नसती?”

प्रश्न अवघड होता. तात्यांनी क्षणभरही घेतला नाही. “भरली असती की! मी कॉम्प्युटरची वायर उपटली, हातानं बटाण दाबलं. पर पान्याला उतरायची चटक लागल्याली. त्यो चढ बघून पानीच म्हणाय लागलं, नगं. पाक सोमवारपत्तुर मनवावं लागलं त्याला.”

बायका एकमेकींकडं बघून हसल्या. चढाचं नाव काढल्यावर पाण्यानं नको म्हणावं, हे त्यांना या सगळ्यात सर्वांत खरं वाटलं असावं. ताईंनीही हसून पेन खाली ठेवला. “आता यावर ठराव तरी काय लिहायचा? पाण्यानं नकार दिला?” तात्यांना कळलं, किल्ली वाचली. आज संध्याकाळी रस्त्यानं निघालं की पुन्हा दहा दारांतून हाक येणार, आणि आपण आभाळाकडं बघून म्हणणार, बघू.

इथं तात्यांनी बसायला हवं होतं. गेनबांनी कायद्याचा सूड म्हणून एवढंच कुजबुजलं, “समदं दुसऱ्याच्या घरचं सांगतुय. सोताच्या घरचं काय गेलं म्हणावं?”

आणि तात्या परत उभे राहिले.

“माज्या घरचं? आरं, सगळ्यात मोटं नुसकान माजंच! माजा उपास. हिनं सकाळी साबुदाना भिजत घातल्याला. मोत्यासारका फुगलेला. मोटर फिरली आन् त्यातलं पानी असं गेलं, की साबुदाना परत छर्ऱ्यावानी टणक. दुकानातनं आणला तवा हुता, त्याच्यापरास टणक! आन् हिकडं हिची समदी तयारी झाल्याली. बटाटं चिरल्यालं, मिरची चिरल्याली, दाण्याचं कूट तर मिक्सरला घुर्र करून हिनं कवाच बारीक करून ठिवल्यालं...”

“काय म्हणलासा?”

आवाज बायकांच्या मधून आला. बनाबाई उभ्या राहिल्या होत्या. नवऱ्याविरुद्ध बोलायचं नाही हे ठरवून आलेल्या बनाबाई.

“मिक्सरला?” त्या म्हणाल्या. “कूट मिक्सरला केलं म्या?”

“आगं, म्हंजे...”

“अवो, तुमचा उपास कवा असतो? गुरवारी. गुरवारी दिसभर लाईट असती का हितं? सकाळपासनं मिक्सर मेला हुता म्हणून पाट्यावर वाटलं म्या ते कूट! दोन वाट्या दाणं! खांदा अजून वर हुईना, आन् हितं भर सभेत त्या मिक्सरचं कौतुक करताय व्हय?”

समाजमंदिरातल्या सगळ्या माना डोक्यावरच्या पंख्याकडं वळल्या. पंखा फिरत होता, कारण आज गुरुवार नव्हता.

“तात्या,” राजनंदिनीताईंनी पेन पुन्हा उचलला, “लाईट नव्हती, मग भर दुपारी मोटर फिरली कशावर?”

तात्यांनी तोंड उघडलं. मोटर कशाकशावर फिरू शकते याचे चारपाच पर्याय त्यांच्या चेहऱ्यावरून येऊन गेले, पण एकही थांबला नाही.

“शनवारी बटाण दाबाय इसरलो, येवढं म्हणाय येवढं पानी उलटं कशापायी चढवायचं?” बनाबाई हंड्यांच्या रांगेतून वाट काढत पुढं आल्या आणि त्यांनी दुखऱ्या खांद्याचाच हात पुढं केला. “आणा हिकडं.”

तात्या काळ्या दोऱ्याची गाठ सोडू लागले. मागून गेनबांनी चष्मा सारखा केला आणि कचेरीबाहेर वाचतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले, “लिहून घेणार, सौभाग्यवती बनाबाई. लिहून देणार...”